माझी जीभ दगडाला

२ फेब्रुवारी

ही वही मी वरच्या चित्रापायी घेतली. निळ्या आभाळात यान आणि खाली दोन उंट. बाजारात कुलपाश सोबत होती. कुलपाश म्हणजे आमची शेजारीण, माझ्याच वयाची, जिभेने माझ्याहून तिखट. म्हणाली, "झिलिखा, चार इयत्ता शिकलेल्या बाईला वही कशाला? चूल पेटवायला?" मी म्हटलं, "पोटात आनंद मावेना झालाय, कुठेतरी ओतायला नको?"

तर ओतते. आमची तोग्झान एप्रिलमध्ये अंतराळात जाणार!

पुन्हा एकदा लिहू का? आमची तोग्झान अंतराळात जाणार.

जन्मभर मी रेल्वेलगतच्या या वस्तीत राहिले. उड्डाणतळ इथून जवळ. यान उडालं की आमच्या खिडक्या थडथडतात, आणि मी आधी कपाटातल्या पेल्यांना हात लावते, मग अंगणात जाऊन वर बघते. एवढी यानं उडाली, पण आमच्या वस्तीचं माणूस एकातही नव्हतं. आता आहे. माझ्या लेकाची थोरली. थोरलं नातवंड आजी-आजोबांचं, ही आमची रीत, म्हणून दूध सुटल्यावर ती आमच्याकडे आली ती आमचीच झाली. मला आपा, म्हणजे आई, म्हणते, आणि सख्ख्या आईला नावाने हाक मारते. सून बिचारी अजून कधीकधी डोळे पुसते. पण रीत ती रीत.

तिच्याबरोबर बदली म्हणून एक माणूस तयार करतात. तिला काही झालं तर तो जायचा. बदली कोण, तर खासदार ओरालबेक. मी फोनवर विचारलं, "खासदाराचं वर काय काम गं? तिकडे कोण मतं देतंय?"

तोग्झान हसली. "आपा, लोक कुरकुरतात, की यानांवर पैसा उधळता. खासदार टोपी घालून यानाशेजारी उभा राहिला, की लोकांना बरं वाटतं. वर मीच जाणार, फोटोत तो."

मग ठीक. फोटो काय, कुणाचाही काढा.

६ फेब्रुवारी

आज टीव्हीवाले आले होते! पहाटेपासून मी बाउरसाक, पिठाचे फुगीर गोळे, तळत होते. पीठ इतकं फुगलं, की यांनी दारातूनच विचारलं, "अगं, यान उडवायचंय की पाहुणे जेवायचेत?" हे म्हणजे आमचे म्हातारे. आयुष्यभर रेल्वेच्या रुळांवर काम केलं. महिन्यात एखादा विनोद करतात, तो आज करून टाकला.

टीव्हीवाल्यांचा मुख्य मेदेत नावाचा पोरगा. काय गोड पोरगा! आल्या आल्या जोडे काढले, माझे दोन्ही हात हातात घेतले, पाच पेले चहा प्यायला, बाउरसाक खिशातही भरले. मग दिवा लावला आणि सुरू झाला. "आजी, तोग्झान म्हणजे पोलादच, नाही का? कधी आजारी पडली नसेल! सगळ्या देशात अशी निरोगी पोर सापडायची नाही!"

एवढी तारीफ, आणि एकदाही 'माझी जीभ दगडाला' म्हणाला नाही. आमच्यात कुणाच्या लेकराला चांगलं म्हटलं, की मागोमाग हे म्हणावं लागतं. म्हणजे बोलण्याची बाधा दगडाला लागते, लेकराला नाही. शहरात वाढलेला, त्याला कोण शिकवणार? आणि हे सगळं देशभर दिसणार. लाखो डोळे, लाखो जिभा.

मग मी माझ्या आजीने केलं असतं तेच केलं. म्हटलं, "छे रे बाबा, कसली निरोगी! लहानपणापासून मरतुकडी. उभी राहिली की भोवळ येते. एकदा उंटावरून खाली बघितलं आणि पडली धाडकन. काय सांगू, देवाने दिलंय ते सांभाळतोय."

हे कोपऱ्यात खोकले. मेदेतने क्षणभर माझ्याकडे बघितलं, मग म्हणाला, "भोवळ येते? आजी, ते जरा पुन्हा सांगाल? प्रकाश नीट नव्हता."

मी पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा तर फारच छान जमलं. डोळ्याला रुमालाचं टोकही लावलं.

खरं म्हणजे ती पोर उंटाच्या पाठीवर उभी राहायची. ताप म्हणजे काय ते तिला ठाऊक नाही. हे मी फक्त इथे लिहितेय. (माझी जीभ दगडाला. लिहिण्यालाही लागू पडत असेल ना?)

संध्याकाळी कुलपाश म्हणाली, "चांगलं केलंस. लाखोंची दृष्ट वळवलीस." आज फार सुखाने झोप येईल.

१५ फेब्रुवारी

टीव्हीवर दिसले! अख्खी वस्ती आमच्या घरात. माझा चेहरा केवढा मोठा, आणि डोक्यावरचा पांढरा रुमाल इस्त्रीचा दिसत होता. मधे ओरालबेक खासदार बोलले, देशाची शान, यानावर विश्वास, जबाबदारी, बरंच काही. लगेच मी: "उभी राहिली की भोवळ येते." मग पुन्हा खासदार, पोहताना, धावताना, वजन उचलताना. मग परत माझं रुमालाचं टोक.

आयाबाया हसून लोळल्या. "झिलिखा, काय नट आहेस गं!" बाहेरच्यांनाही कळणारच की आजी अशीच बोलते. कुणाची आजी बोलत नाही?

फक्त हे उठून अंगणात गेले. मी मागे गेले. म्हणाले, "एवढं बोलायची गरज होती?" मी म्हटलं, "मी टीव्हीवर दिसले, तुम्ही नाही दिसलात, म्हणून ना?" बर्फ झाडत बसले. झाडलेलाच बर्फ पुन्हा झाडत होते.

१९ फेब्रुवारी

तोग्झानचा फोन. "आपा, मला कधी भोवळ आली होती?"

मी म्हटलं, "कधीच नाही, माझी जीभ दगडाला. ते मी दृष्ट लागू नये म्हणून म्हटलं."

मग म्हणाली, "हो, मला वाटलंच. इथे पुन्हा तपासण्या चालू आहेत. खुर्चीत बसवून गरगर फिरवतात. काही नाही, होईल."

"मग सांग की त्यांना, आजी तशीच बोलते म्हणून!"

"सांगितलं, आपा. इथल्या डॉक्टरांना आज्यांचं काही कळत नाही." हसली. पण तिचं हसणं मी ओळखते. लहानपणी गुडघा फुटला की अशीच हसायची.

२० फेब्रुवारी

भात करपला. दुसरं काही लिहायचं नाही.

२७ फेब्रुवारी

मेदेत आला, या खेपेला कॅमेरा नव्हता. माझ्यासाठी लोकरीची शाल, यांच्यासाठी टोपी, पेटीभर मिठाई. आल्या आल्या मीच सुरू केलं. "अरे लेकरा, ते खोटं होतं! ते उलटं बोलणं होतं! परत तुझा दिवा लाव, मी नीट सांगते."

तो चहा ढवळत राहिला. मग म्हणाला, "ते मला तेव्हाच कळलं होतं, आजी."

"कळलं होतं?"

"माझीही आजी आहे. मी लहान असताना ती मला पाहुण्यांसमोर बहिरा म्हणायची."

"मग?"

"मग काय, आजी." त्याने खिडकीबाहेर बघितलं. "माझं काम आहे. लोकांना विज्ञान कळत नाही, चेहरा कळतो. ओरालबेक साहेबांचा चेहरा गावोगावच्या भिंतींवर आहे. ते वर गेले की यानांना पुढची दहा वर्षं कुणी हात लावणार नाही. वरचे साहेब लोक कारण शोधत होते."

"आणि ते मी दिलं?"

त्याने बाउरसाक उचलला, खाल्ला नाही, परत ठेवला. "तुम्ही खूप छान बोलता, आजी," म्हणाला. त्या पोराला खरंच तसं वाटत होतं. तेच तर वाईट.

शाल मी उंटाच्या पिलावर घातली. मिठाई कुलपाशने नेली. मिठाईचा काय दोष?

९ मार्च

आज जाहीर झालं. खासदार ओरालबेक जाणार. तोग्झान बदलीवर. 'प्रकृतीच्या काळजीपोटी', असं म्हणाले. सगळ्या तपासण्यांत ती पास झाली होती, तरी 'कुटुंबातूनच शंका व्यक्त झाल्यामुळे'. कुटुंब म्हणजे मी.

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. पोर सात वर्षं घरी नीट जेवली नाही, सणाला आली नाही, लग्नाचं नाव काढलं नाही. पाण्याखाली शिकली, अंधारात शिकली, परक्यांची भाषा शिकली. आणि दृष्ट लागली ती कुणाची? लाखोंची नाहीच. मी लाखोंना अडवायला दारात उभी राहिले, आणि माझ्याच पाठीमागून आत शिरली.

तिचा फोन आला. मी रडायला लागले तर मलाच समजावत बसली. "आपा, तू बोलली नसतीस तरी त्यांनी दुसरं काही शोधलं असतं."

मी म्हटलं, "शोधू देत की! माझ्या तोंडातून कशाला?"



२२ मार्च

नवरोज, आमचं नवं वर्ष. सगळ्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या, जुनं सोडून दिलं. नवरोजला सोडायचंच असतं. कुलपाश म्हणाली, "तुला तरी कोण धरून बसलंय, झिलिखा? सोड." धरून बसलेली मीच आहे, हे तिला कसं सांगू? यांनी सात धान्यांचं सणाचं सार दोनदा वाढून घेतलं, पण माझ्याशी बोलले ते मीठ मागण्यापुरतंच.

४ एप्रिल

कुणाचा विश्वास बसणार नाही. खासदार आज आमच्या घरी आले, सोबत मेदेत आणि कॅमेरा. उड्डाणाआधी 'तोग्झानच्या आजीचा आशीर्वाद' हवा म्हणे. लोकांनी बघावं, की या घरात राग नाही.

हे म्हणाले, "मी उंटाकडे जातो." आणि गेले.

मी ठरवलं होतं, आशीर्वादाला हात वर करायचे नाहीत. जिभेला हाड नाही, पण हाताला तरी असावं. पण दिवा लागायच्या आधी तो आडदांड माणूस माझ्यापुढे वाकला आणि हळूच म्हणाला, "आजी, मी परत येईन ना?" हात घेतले तर बर्फासारखे. कपाळावर घाम. भिंतींवरच्या चेहऱ्याला घाम नसतो.

वाटसरूला आशीर्वाद नाकारायचा नसतो. शत्रूला नाकारला तरी वाटसरूला नाही. मी ओंजळ उघडली. "वाट मोकळी असो, जमीन वाट बघो, घरचा उंबरा पुन्हा लागो." सगळे 'आमिन' म्हणाले. मेदेतने मान हलवली, छान झालं म्हणून. शिवाय ओरालबेकने माझ्याकडचे सुक्या दह्याचे गोळे मागून घेतले, वर खायला. तेही दिले. मूठभर जास्तच.

तोग्झानची जागा दिली, आशीर्वाद दिला, दहीही दिलं. आता या बाईकडे आणखी काय उरलंय ते घेऊन जा.

८ एप्रिल

उडालं. माळावर ट्यूलिप फुललेत. मी सवयीने कपाटातले पेले धरून उभी होते. हे येऊन शेजारी उभे राहिले आणि दुसऱ्या बाजूचे पेले धरले. बऱ्याच दिवसांनी बोलले. "तोग्झान तिकडे तळावर काचेमागून बघत असेल."

"हो."

"तिने तुला फोन केला की मला दे."

आम्ही बाहेर गेलोच नाही.

१८ एप्रिल

मेदेतचा फोन. आता काय, तर खासदार उतरले की त्यांच्या पायातला दोर मी कापायचा!

हे आमच्यात लेकरू पहिल्यांदा चालू लागलं की करतात. काळ्या-पांढऱ्या लोकरीचा पीळ त्याच्या पायांना बांधायचा, आणि चांगल्या चालीच्या माणसाने तो कापायचा, म्हणजे लेकरू न अडखळता चालतं. वरून उतरलेल्या माणसाला चालता येत नाही, लेकरासारखंच असतं. म्हणून मेदेतच्या डोक्यात हे आलं. थेट प्रक्षेपण, देशभर. "आणि कापणार कोण, तर तुम्ही, आजी! लोक रडतील!"

मी म्हटलं, "थेट म्हणजे? नंतर कात्री लावता येत नाही?"

"नाही लावता येत. म्हणून तर थेट."

मी म्हटलं, येते.

निघताना हे म्हणाले, "सुरी घेऊन जा. जीभ घरी ठेव." यांना काय माहीत. मला जीभच तर न्यायची होती.

२० एप्रिल, परतीच्या गाडीत

गाडी हलतेय, अक्षर वाकडं येतंय.

यान माळावर उतरलं, तिथून जवळच्या शहराच्या विमानतळावर मोठा मांडव. कुलपाश आणि वस्तीच्या आयाबाया पांढऱ्या रुमालांत रांगेने. ओरालबेकला खुर्चीतून आणलं. चेहरा कणकेसारखा. स्वागताच्या पथकात, मागे, निळ्या कपड्यांत आमची तोग्झान. बदलीचं कामच ते. तिने मला बघून डोळा मिचकावला. त्यानेच माझा जीव गेला.

मेदेतने खूण केली. मी खाली बसले, खासदारांच्या दोन्ही पायांना पीळ बांधला. मेदेतने शिकवलेलं म्हणायचं होतं, देशाची पावलं ताऱ्यांकडे, असं काहीसं. मी म्हटलं, "लेकरा, हा दोर काळा-पांढरा का असतो माहीत आहे ना? दुसऱ्याचा दोर ओलांडू नये, दुसऱ्याचं काही घेऊ नये, म्हणून."



मग मी उठले. गुडघे वाजले तेसुद्धा ऐकू आलं असेल. म्हटलं, "मी झिलिखा. तोग्झानला भोवळ येते असं मी सांगितलं होतं. ते खोटं. लेकराला दृष्ट लागू नये म्हणून आजी बोलते तसं मी बोलले. आता खरं ऐका. माझी नात निरोगी आहे. कधी आजारी पडली नाही. तिला कधी भोवळ आली नाही. उंटाच्या पाठीवर उभी राहून ती माझ्या अंगावर उड्या मारायची. या देशात तिच्यासारखी पोर नाही."

आणि थांबले. पुढचं म्हटलंच नाही. दगडाचं नावही घेतलं नाही. ते म्हटलं असतं, तर ऐकणाऱ्यांना वाटलं असतं की म्हातारी पुन्हा काहीतरी रीत पाळतेय. या खेपेला नुसतं खरं हवं होतं, उघडं, शेपटीशिवाय.

अंगावर असा काटा आला, जणू लेकराला थंडीत नागवं बाहेर उभं केलं.

आयाबायांच्या रांगेत मोठी कुजबुज. कुलपाशचा आवाज सगळ्यांत वर, "हिची जीभ दगडाला, दगडाला, दगडाला!" सगळ्याजणी पुटपुटत होत्या, माझ्या वतीने. मेदेतचा हात वर गेलेला, कॅमेरा थांबवण्यासाठी. तो तिथेच राहिला, खाली आला नाही. पण त्याचे ओठ हलत होते. मी जवळ होते, मला दिसलं. पोराला येत होतं की ते! पहिल्यापासून येत होतं.

तेवढ्यात माझ्या बाहीला ओढ. ओरालबेक. "आजी," म्हणाला, "बोला हवं ते, पण लवकर कापा. मला भोवळ येतेय."

त्याचा तो चेहरा. काय करणार? एका हाताने त्याला धरलं, दुसऱ्याने दोर कापला. "सरळ चाल," म्हटलं. दोन पावलं टाकली त्याने, तिसऱ्याला तोल गेला. धावत येऊन सावरलं कुणी, तर तोग्झानने. सगळ्या देशाने बघितलं, कोण उभं होतं आणि कोण पडत होतं. हे मी ठरवून केलं नव्हतं. ठरवून केलेलं मला एकच जमलं होतं, तेही फेब्रुवारीत.

२३ एप्रिल

तोग्झान घरी आलीय, चार दिवसांसाठी. हे तिच्याशी बोलतात आणि मधेमधे माझ्याशीही.

मी विचारलं, "आता काय होईल गं?"

"माहीत नाही, आपा. कुणी ऐकलं असेल, कुणी नसेल. पुढच्या यानात नाव येईल किंवा येणार नाही. बोलावलं तर जाईन."

"आणि माझ्यामुळे गेलेलं?"

ती चहात दूध घालत होती. दूध ओतून झालं, पेला माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाली, "ते गेलं, आपा." खोटं बोलली नाही. माझी पोर खोटं बोलत नाही. ते माझं काम.

दुपारी कुलपाश आली. सवयीने म्हणाली, "काय मरतुकडी झालीय गं ही! वाळली काठीसारखी!" आणि माझ्याकडे बघितलं, आता माझी पाळी म्हणून. मी तोंड उघडलं. मग मिटलं. मग म्हटलं, "नाही. धडधाकट आहे." कुलपाश हादरून पटापट पुटपुटायला लागली.

तोग्झान आतल्या खोलीत लवंडली तेव्हा मी कढईच्या तळाला बोट लावलं आणि तिच्या कानामागे काजळी टेकवली, केसांखाली, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशी. तोंडातून चकार शब्द काढला नाही.

तिने डोळे न उघडताच मान थोडी वळवली आणि दुसरा कानही पुढे केला.